जोनासचा दम

माणसाच्या आयुष्यात असा एकच शनिवार येतो, ज्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहत नाही. गुणवंतराव निकुरे यांच्या आयुष्यात तो दर आठवड्याला येई, कारण मोबाइलवरच्या बास्केटबॉल मॅनेजर गेमचे मोठे सामने शनिवारीच असत.

गुणवंतराव आलापल्लीच्या लाकूड डेपोत बाबू. प्रत्यक्ष बास्केटबॉल त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता, पण गेममध्ये धरावाही लागत नाही. बारा खेळाडू, त्यातला कोण किती मिनिटं खेळेल एवढं ठरवायचं. सामना आपोआप होतो. येत्या शनिवारी हरले, तर संघ खालच्या लीगमध्ये जाणार होता. सगळी मदार उंचापुरा सेंटर जोनासवर.

म्हणून त्यांनी जोनासला आठवडाभर बाकावर बसवलं. वडलांचे बैल शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावत. पटाआधी त्यांना आठ दिवस जू नाही, फक्त तेलाची मालिश आणि सरकीची ढेप. मालिशची सोय गेममध्ये नव्हती, पण आराम देता येत होता.

शुक्रवारी डबा उघडता उघडता त्यांनी मोबाइल पाहिला. जोनासचा दम, म्हणजे गेम दाखवतो तो ताजेपणा, ‘उत्तम’वरून ‘खराब’वर आला होता. घास हातातच राहिला. बल्लारपूरला साळ्याला फोन लावला. ही लत त्यानंच लावली होती.

“प्रणित, जोनासले काही झालं का रे?”

“किती मिनिटं खेळवलं त्याले?”

“एकबी नाई. फुल आराम देला.”

“अरे देवा! भाऊजी, जास्त खेळवला तर थकते, बसवून ठेवला तर सुस्तावते. मधातलं पायजे.”

“पण बैल तर आरामानं ताजा होते.”

“तो बैल नाई, भाऊजी.” प्रणितनं जरा थांबून विचारलं, “ढेप तर नाई ना चारली?”

उपाय एकच होता. शनिवारी सकाळी दम पुन्हा मोजला जाणार, त्याआधी एखाद्या संघाशी सराव सामना जमवून जोनासला पळवायचं. गुणवंतरावांनी दिसेल त्या संघाला निमंत्रण धाडलं. नेटवर्क सागाच्या थप्पीवर चढलं की यायचं, म्हणून ते थप्पीवर चढले. होकार आला का पाहायला अंगठ्यानं पडदा खाली ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. खालून चौकीदार चैतू ओरडला, “बाबू, उतरा जी! लाकूड घसरन!” संघ घसरत असताना लाकडाचं कोणाला पडलंय? डेपो बंद व्हायच्या वेळेस कुठल्याशा परदेशी संघानं होकार दिला. जोनास संपूर्ण सामना खेळला. घरी जेवायला बसल्यावरही गुणवंतरावांची नजर मोबाइलवरच होती.

“काऊन जी, पोट दुखून राह्यलं का?” बायको इंदुताईंनी ताट सरकवत विचारलं.

“जोनासचा दम गेला.”

“कोन जोनास?”

“आपला सेंटर.”

“आपला? त्याले आपल्या घरी जेवाले तर कदी नाई पाह्यलं मी.”

सकाळी दम ‘साधारण’ झाला. खेळवला तर अर्ध्यात धापा टाकणार, बसवला तर उंची कुठून आणायची? गुणवंतरावांनी त्याला आत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. आंघोळीलाही मोबाइल नेला. दुपारी सामना सुरू झाला. मध्यंतरापर्यंत संघ पुढे होता आणि गुणवंतराव श्वास घ्यायला लागले होते. मग जोनासचे नेम चुकायला लागले. समोरचे सगळे मात्र ताजेतवाने; एकेकाचा दम ‘उत्तम’. अकरा गुणांनी हार.

मग मनाचा मोठेपणा करून समोरच्या मॅनेजरला अभिनंदन कळवायचं ठरवलं. खेळाडूंना मिनिटं इतकी अचूक वाटून देणारा माणूस सामान्य नसणार. जमलं तर त्याच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात. त्यांनी त्या संघाचं पान उघडलं.

मॅनेजरच्या जागेवर कोणीच नव्हतं. गेल्या दिवाळीपासून तो संघ कंप्युटरच चालवत होता.