टोपलीतलं पान

त्याला ऑफिसात सगळे चाळणी म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मान वर केली असती की नाही, शंकाच आहे. त्याच्या हाताखालून खडा सुटत नसे, म्हणून चाळणी. त्याला या नावाचा राग नव्हता. उलट कुणी नवखा माणूस भेटला की तो स्वतःच सांगून टाकी, आणि वर मिशीतल्या मिशीत हसे.

ते ऑफिसच मुळी चाळण्याचं होतं. लोक इंटरनेटवर काहीबाही विचारतात आणि यंत्र त्यांच्यापुढे लाखभर पानं ओतून मोकळं होतं. इथे तसं नव्हतं. इथे प्रश्न आला की माणसं बसत, पानं वाचत, आपसात भांडत आणि शेवटी मोजकी चांगली पानं लोकांपुढे ठेवत. प्रत्येक पानाखाली एक ओळ, हे पान का निवडलं त्याची. नाकारलेली पानं पडद्यावरच्या टोपलीत जात, तीही लाल फुली आणि शेऱ्यासकट. आणि ऑफिस चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा एक नियम होता: जे पान काही करायला सांगतं, ते कुणीतरी करून बघितल्याशिवाय वर चढवायचं नाही. त्यामुळे ऑफिसला घरच्या प्रयोगशाळेची कळा आली होती. भिंतीवर एक वाकडी फळी, खिडकीत कलम केलेली आणि रुसलेली रोपं, टेबलावर कुणाचा तरी न फुगलेला पाव. मोरीतला नळ तीन वेगवेगळ्या पानांप्रमाणे तीनदा दुरुस्त झाला होता आणि आता कधी नव्हे इतका गळत होता.

अशा या ऑफिसात तो प्रश्न आला. एकाच माणसाकडून नाही, चहूबाजूंनी आला. सत्तरीनंतर वजनं उचलली तर चालतात का?

चाळणीनं बाह्या सरसावल्या. पहिली पन्नास पानं प्रोटीनची भुकटी विकणाऱ्यांची निघाली. ‘भंपक’, ‘दुकानदार’, ‘पुन्हा तोच दुकानदार’ असे शेरे मारत त्यानं ती टोपलीत भिरकावली. संध्याकाळपर्यंत दोनच पानं उरली. एक अगदी सौम्य होतं: खुर्चीत बसा, हात वर करा, खाली करा, घोटे गोल फिरवा. दुसरं एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी लिहिलेलं होतं. वयाबरोबर स्नायू झडतात, हाडं विरळ होतात, आणि नुसतं चालून ते पुरतं थांबत नाही. शरीराला जोर लावायला लावलं तर म्हातारपणीही ताकद येते, तोल सावरतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते, असं सगळं त्यात शांतपणे सांगितलेलं. मग कृती. आधी डॉक्टरांना विचारा. हात न टेकता खुर्चीवरून उठा. भिंत ढकला. जमलं की वजन उचला, आणि सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवा. वर फोटो होता. पांढऱ्या केसांची एक बाई जमिनीवरून चांगलं मोठं वजन उचलत होती आणि हसत होती.

चाळणीला त्या बाईच्या जागी आपली आई दिसली. ज्या माणसानं नळाची तिन्ही पानं करून बघितली होती, त्यानं हे पान मिनिटभरात टोपलीत टाकलं. वर शेरा लिहिला, त्याच्या नेहमीच्या मानानं चांगला लांबलचक: ‘माहिती बरोबर दिसते, पण धोका आहे. आपल्या आईला कुणी हे करायला सांगेल का?’

उरलं ते घोटे फिरवण्याचं पान. ते करून बघायला सत्तरीपुढचं माणूस हवं होतं. ऑफिसात सगळ्यात वयस्कर तोच, तोही पन्नाशीचा.

“घरी आई आहे,” तो मोठ्या बाईंना म्हणाला. “तिला सांगतो.”

आईची गोष्ट अशी. पंचाहत्तरीची बाई, वर्षभरापूर्वीपर्यंत स्वतःच्या घरात एकटी, ऐटीत राहत होती. मग न्यूमोनियानं तिला अंथरुणाला खिळवलं. बरी झाली, पण हातपाय काड्यांसारखे झाले. तिचं घर चार गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. चाळणीनं तिला आपल्याकडे आणलं आणि मग तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. ग्लास हातात, चप्पल पायात. सोफ्यावरून उठायचं तर दोन्ही बाजूंनी दोघं. तो हे सगळं अगदी मनापासून करी, आणि आई दिवसेंदिवस सोफ्यात आणखी खोल रुतत चालली होती.

मग त्यानं तिचं घर विकायची गोष्ट काढली. गिऱ्हाईकही आलं, एक नवीन लग्न झालेलं जोडपं. पैसे जमवायला त्यांना दोन-तीन महिने हवे होते. आई ऐकत होती. एकदम म्हणाली, “ते लोक पैसे घेऊन यायच्या आधी मी एकटी, कुणाचा हात न धरता, माझे जिने चढून दाखवले तर?”

“तर नाही विकायचं,” चाळणी म्हणाला. असा शब्द द्यायला त्याचं काय जात होतं? न्हाणीघराचा उंबरठा ओलांडताना तिला धाप लागत होती. बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला पेपर तोंडापुढे धरावा लागला.

तर अशा आईला त्यानं त्या संध्याकाळी व्यायामाचं विचारलं. “बसल्या बसल्या हातपाय हलवायचे? पाठव,” ती म्हणाली. तिच्याकडे त्याचाच जुना टॅबलेट होता. त्यानं घाईघाईत पानाचा पत्ता पाठवला आणि जेवायला बसला.

पुढचे दोन महिने म्हणजे काय विचारता! आधी आई सोफ्यावरून एका हाताच्या आधारानं उठायला लागली. मग हात न लावता. एके सकाळी बरणीचं झाकण उघडेना म्हणून चाळणी लालबुंद झाला होता, तर तिनं येता येता त्याच्या हातातून बरणी घेतली, झाकण फिरवलं आणि पुढे गेली. तिला झोप लागू लागली. ती सुनेला चिडवू लागली, बातम्या बघताना मंत्र्यांना शिव्या देऊ लागली. तपासणीत साखर उतरलेली निघाली तेव्हा चाळणीनं तो कागद मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना पाठवला, ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनासुद्धा.

ऑफिसात तर त्यानं उच्छाद मांडला. “नुसते घोटे फिरवून! बसल्या जागी!” तो येईल जाईल त्याला अडवून सांगे. मोरीतल्या नळाला सांगायचंच बाकी राहिलं होतं.

“मग लिही की ओळ,” मोठ्या बाई म्हणाल्या. “चढवू ते पान. उद्याच.”

ओळ फर्मास हवी. त्यासाठी आईला एकदा व्यायाम करताना डोळ्यांनी बघू, म्हणून तो भर दुपारी, कधी नाही तो, घरी आला. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून हुंकार ऐकू आला. त्यानं दार ढकललं.

आई खोलीच्या मध्यावर उभी होती. पाय फाकलेले, पाठ ताठ, पदर खोचलेला. दोन्ही हातांत पाण्याचे दोन डबे, काठोकाठ भरलेले, आणि ते जमिनीवरून वर येत होते. बायको पलंगावर पाय हलवत बसली होती आणि म्हणत होती, “मस्त! श्वास सोडा आता!”

“आई!” चाळणी किंचाळला. “टाक ते! टाक आधी!”

“टाकायचे नसतात,” आई म्हणाली. “नीट ठेवायचे असतात. नाहीतर कंबर धरते.” आणि तिनं ते खरंच नीट, गुडघ्यांतून वाकून, आवाज न करता ठेवले.

चाळणीनं टॅबलेट उचलला. पडद्यावर ती पांढऱ्या केसांची बाई हसत होती. तिच्या डोक्यावर लाल फुली होती आणि फुलीखाली त्याचाच शेरा. त्यानं निवडलेल्या पानांचा पत्ता पाठवायचा तो टोपलीचा पाठवला होता. दोन्ही पत्ते त्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी, जुळ्या भावंडांसारखे असत. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता. दोन महिने आई त्यानं फेकलेल्या कचऱ्यात बसून व्यायाम करत होती.

“तुला लाल फुली दिसली नाही?”

“दिसली की. शेरेही सगळे वाचले. भंपक, भंपक, दुकानदार.” आई घाम पुसत म्हणाली. “सगळ्यांना एकेक शब्दात उडवलंयस. एवढ्या एकाच पानावर तू दोन वाक्यं लिहिलीस. मी तुला लहानपणापासून ओळखते. तुला पटलं होतं, आणि तू घाबरलास.”

चाळणीनं टॅबलेट पालथा केला.

“आणि वर काय लिहिलंस? आपल्या आईला कुणी हे करायला सांगेल का? अरे, आई इथे बाहेर सोफ्यावर बसली होती. येऊन विचारायचं!”

“डॉक्टर...”

“विचारलंय,” बायको म्हणाली. “पहिल्याच दिवशी घेऊन गेले होते. तिथल्या फिजिओ बाईंनी पहिले काही दिवस समोर उभं राहून करून घेतलं. मग डबे.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्या फिसकन हसल्या. त्याला राग यायला हवा होता. तो आलाही, पण आईचे दंड बघता बघता कुठच्या कुठे पळाला. काड्या गेल्या होत्या. तिथे खरंच काहीतरी होतं, हाताला लागेल असं. तो पुढे झाला, त्यानं बोटानं दाबून बघितलं आणि एकदम लहान मुलासारखा ओरडला, “अगं, घट्ट आहे!”

तिथल्या तिथे त्यानं मोठ्या बाईंना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. करून न बघता पान फेकलं, आपणच नियम मोडला, त्यावर दोन महिने भलत्याच पानाची टिमकी वाजवली. मग बाई इतक्या हसल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला.

“घोटेवालं टोपलीत टाकू?” त्यानं पडेल आवाजात विचारलं.

“ते कशाला? ज्यांना उठताच येत नाही, त्यांना ते हवंच. खाली राहू दे. डबेवालं सगळ्यात वर. आणि ओळ तू नाही लिहायची. ज्यांनी करून बघितलं त्यांना दे.”

आईनं फारसा विचार केला नाही. तिनं सांगितलं आणि चाळणीनं मुकाट्यानं टाइप केलं: ‘आधी डॉक्टरांना विचारा. मुलांना नंतर सांगितलं तरी चालतं.’

दुसऱ्या दिवशी ते जोडपं बयाणा घेऊन येणार होतं. सकाळी आई चपला घालून दारात उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी. “चला,” म्हणाली.

तिच्या इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशी चाळणीनं पिशवीला हात लावला, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली. ती चढायला लागली. एक हात कठड्यावर, पाऊल पूर्ण पायरीवर, उगाच घाई नाही. तो मागे दोन्ही हात पसरून, जणू वरून काचेचं कपाट उतरवून घेतोय. पहिला मजला आला. तिचा श्वास वाढला होता, पण तुटत नव्हता. खालच्या बिऱ्हाडातली शेजारीण दार उघडून बघत राहिली आणि “अगं बाई, तुम्ही!” म्हणून तीही मागोमाग निघाली.

दुसऱ्या मजल्यावर आई थांबली. चाळणी एक पायरी वर सरकला.

“बस, आई. झालं तेवढं पुष्कळ झालं.”

“हात खाली घे आधी. माझ्या मानेवर तुझा श्वास येतोय.”

त्यानं हात खाली घेतले. त्याला ते फार जड गेलं. आणि गंमत अशी की हात खाली घेतल्यावरच त्याला तिचे पाय दिसले. ते थरथरत होते, पण प्रत्येक पायरीवर तिला वर उचलत होते. मग मात्र त्याला राहवेना. “चल आई! चल! आणखी थोडं!” तो असा ओरडायला लागला की वरखालची दारं उघडली. शेजारीण टाळ्या वाजवत होती, बायको डोळे पुसत होती, आणि घराचा जो सौदा त्यानं स्वतः ठरवला होता तो हातचा जावा म्हणून तो घसा फोडून ओरडत होता.

आई शेवटची पायरी चढली, तिनं कुलूप उघडलं आणि ती आत गेली. वर्षभराची कोंदट हवा बाहेर आली. तिनं एकामागून एक खिडक्या उघडल्या. एक अडकली होती, तिला खांदा लावला. मग ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली, मोठ्यानं श्वास घेत, गाल लाल, आणि जिंकलेल्या माणसासारखी सगळ्यांकडे बघू लागली.

चाळणीनं त्या जोडप्याला तिथूनच फोन करून नाही म्हणून कळवलं. ते नाराज झाले, आणि त्याला अजिबात वाईट वाटलं नाही. शेजारणीनं पाणी आणलं. बराच वेळ हसणं-खिदळणं झालं. ऊन चढायला लागलं तसा तो उठला.

“चल आई, निघू. चढलीस एकटी, ते कबूल. पण उतरताना तरी माझा हात धर. उतरणं जास्त वाईट असतं.”

आई पिशवी उघडत होती. तिच्यातून तिनं दोन साड्या काढल्या, औषधांचा डबा काढला, कंगवा काढला आणि सगळं कपाटात जागच्या जागी लावायला लागली.

“उतरायचंय कुणाला?” ती म्हणाली.

चाळणी दारात तसाच उभा राहिला. त्यानं बायकोकडे बघितलं. तिला हेही माहीत होतं. मग त्यानं नाक पुसलं, चपला काढल्या आणि आत येऊन कपाटावरची धूळ झटकू लागला.