खळीची चव

लहानपणी बुटकी होती म्हणून तिला सगळे ठमी म्हणायला लागले. पुढे ती वडलांपेक्षा चार बोटं उंच झाली, लग्न झालं, वडलांचं पुस्तकबांधणीचं दुकान स्वतः चालवायला लागली, तरी ठमी ती ठमीच राहिली. त्या उंच ठमीला छत्तिसाव्या वर्षी जिना चढवेनासा झाला. दोन पायऱ्या चढली की तिसरीवर बसकण मारायची. पोट सदा फुगलेलं, ओठांच्या कडा चिरलेल्या, आणि रक्त तपासावं तर लोह पार तळाला. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी त्याच गोळ्या वेगळ्या रंगाच्या दिल्या. तिसऱ्यांनी "फार विचार करू नका" असा सल्ला दिला, आणि मग ती दिवसभर त्याचाच विचार करत बसली.

चौथ्या होत्या पोटाच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी पहिल्यांदा एक सरळ प्रश्न विचारला, "गव्हाचं काही खाता का?"

"खाते की. पाव, बिस्किटं, सगळंच."

"छान. तपासणी होईपर्यंत खात राहा. आधीच सोडलंत तर निकाल फसवा येईल."

रक्तातला जो अंक वीसच्या आत हवा तो दोनशेच्या वर निघाला. मग घशातून दुर्बीण घालून लहान आतड्याचे तुकडे काढून तपासले. "आतड्याला आतून बारीक लव असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेते. तुमची लव झडून सपाट झालीय. सीलिॲक म्हणतात याला. गहू, जव, राय यांत ग्लुटेन असतं, ते पोटात गेलं की तुमचं शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. गोळी नाही याला. पण ग्लुटेन कायमचं सोडलंत, अगदी कणभरसुद्धा, तर लव पुन्हा उगवते."

ठमी तिथेच रडली. आयुष्यभराचं पथ्य मागे लागलं म्हणून नव्हे. तीन वर्षं सगळे तिच्या दुखण्याला मनाचे खेळ म्हणत होते आणि आज त्या खेळाला नाव मिळालं होतं, म्हणून.

घरात मग साफसफाईचा धडाका लागला. तिचा नवरा बसमधला तिकीट तपासनीस. त्याच्यासमोर आजवर कोणी सरळ उभा राहिला नव्हता, तर सॉसच्या बाटलीची काय कथा! तो भिंग घेऊन एकेक वेष्टन उलटं करून वाचायचा. सोयासॉस गेला, सुपाची पाकिटं गेली, जुनी चाळणी आणि लाकडी पोळपाट शेजारणीच्या दारात गेले. स्वतःचा पाव तो बाहेर जिन्यात उभा राहून खायचा आणि शर्ट झटकून आत यायचा. ठमीनं तर समोर आलेला केक वर्षभर नुसता डोळ्यांनी खाल्ला.

वर्षानं अंक आला एकशे चाळीस.

"कुठूनतरी जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार महिने देते. तेवढ्यात उतरला नाही तर पुन्हा दुर्बीण, आणि मग कदाचित कडक औषधं. त्यांचे ताप वेगळे. आणि आतडं असंच राहिलं तर हाडं पोखरत जातील. तेव्हा शोधा."

परतताना नवऱ्यानं अहवाल पुन्हा उलगडून वाचला. मग हळूच म्हणाला, "हे बघ, मी रागावणार नाही. दुकानात काही खातेस का गं?"

वीस वर्षं लोकांनी त्याला "तिकीट आत्ता इथंच होतं हो" असं सांगितलेलं. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? पण ठमीच्या काळजाला ते लागलं. दोन दिवस ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रजा काढ. दुकानात येऊन बस. मी काय गिळते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तो खरंच आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी पुठ्ठा कापायचं यंत्र, मधे शिवायचं टेबल, भिंतीला लोखंडी शिकंजा आणि त्याच्या कचाट्यात दाबून ठेवलेली ग्रंथालयाची जुनी पुस्तकं. आणि मागे, शेगडीपाशी, बाबा.

बाबांचं वय चौऱ्याहत्तर. हात थरथरायला लागल्यापासून सुई त्यांच्या हातून गेली, सुरी गेली. उरली होती खळ. मैदा पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत ढवळत शिजवलेली पांढरी चिकट खळ, जिच्यावर दुकानातलं प्रत्येक पुस्तक उभं होतं. बाकीचे बांधणीवाले ती आठवडाभर टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. बाबा त्यांना आळशांचा बाजार म्हणत. "मोरचूद विष आहे. माझी खळ रोज ताजी. खाऊन बघा!" हे ते गिऱ्हाइकांनाही छाती फुगवून सांगत.

सकाळ गेली. ठमी पाणी प्यायली, तिनं डब्यातला भात खाल्ला. तपासनीस हिरमुसला. दुपारी तीनच्या सुमाराला बाबांनी नेहमीसारखा खळीचा ब्रश उचलून तिच्यासमोर धरला.

"बघ गं, आंबली तर नाही ना?"

ठमीनं बोटाच्या टोकावर खळ घेतली आणि जिभेला लावली. "नाही बाबा, चालेल अजून."

नवरा स्टुलासकट कोलमडला. "अगं ए! काय केलंस तू आत्ता?"

"काय केलं? चव बघितली."

"कशाची चव? मैद्याची!"

ठमीला वाटलं, आपल्याला कोणीतरी थंड पाण्याच्या हौदात ढकललंय. वर्षभर तिनं औषधी गोळ्यांवरचं कवच कशाचं असतं तेही विचारलं होतं, टूथपेस्टसुद्धा तपासली होती. खळ तिच्या डोक्यातच आली नव्हती. खळ कुठे खायची असते? खळ म्हणजे काम. ती सात वर्षांची असल्यापासून आंबट चव ओळखायला शिकली होती. आणि खळीच्याच बोटांनी ती पानं मोजताना बोट ओलं करायची, दोऱ्याचं टोक ओठांत धरायची. तपासनीसानं मग तिला हात धुऊन, खळीविना तासभर काम करायला लावलं आणि बोटं तोंडाशी किती वेळा जातात ते मोजलं. सत्तावीस वेळा.

"माफ कर," तो म्हणाला, आणि तिच्यापुढे खरंच कान धरून उभा राहिला. ठमीला हसू फुटलं. बाबा मात्र हसले नाहीत.

"माझ्या खळीनं आजवर कोणाला काही झालं नाही," एवढंच ते बोलले, ब्रश धुतला, टोपी घातली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही, चौथ्याही नाही. ठमीनं बाटलीतला तयार पांढरा गोंद आणला, पण तो लावताना तिचं तिलाच अपराधी वाटत होतं. गोंदानं पुस्तक पक्कं होतं खरं, पण पुन्हा उसवता येत नाही. पन्नास वर्षांनी जो दुरुस्त करील त्याला पानं फाडावी लागतील. खळ पाण्यानं सुटते. बाबांच्या दृष्टीनं गोंद लावणं म्हणजे पुढच्या कारागिराच्या पोटावर पाय. पण ठमीला त्याहून मोठी काळजी होती. बाबांच्या हातात एवढं एकच काम उरलं होतं आणि तेही तिनं काढून घेतलं होतं. अंक उतरायला हवा होता, पण त्यासाठी बाबा घरी बसून झिजणार असतील तर? तिनं दोनदा फोन केला. आई म्हणाली, "स्वयंपाकघरात आहेत, मला आत येऊ देत नाहीत."

पाचव्या दिवशी ठमी दुकान उघडायला आली तर दार उघडंच होतं. फळ्या पाण्यानं पुसलेल्या, जुनी पातेली आणि ब्रश यांचं बोचकं कचऱ्याच्या डब्याशेजारी, आणि मैद्याचा डबा नाहीसा. शेगडीवर कोरं करकरीत पातेलं आणि त्यापाशी बाबा. टेबलावर कागदाच्या चौदा पट्ट्या चिकटवून ठेवलेल्या, प्रत्येकीवर थरथरत्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं: मक्याचं, फार पातळ. साबुदाणा, डाग पडतो. तांदूळ, गुठळ्या. तांदूळ, तीनदा चाळून, बरं.

"तांदूळ घरी मिक्सरवर दळला," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "गिरणीत नको, तिथे गहूही दळतात. मिक्सरचं भांडंही नवं आणलंय. तुझ्या नवऱ्यानं भिंगातून बघितलंय ते."

ठमीनं चौदावी पट्टी ओढून बघितली. सुटली नाही. पाण्याचा हात लावला, सुटली. तिनं सवयीनं बोट पातेल्याकडे नेलं, तर बाबांनी हातावर चापट मारली.

"जीभ नाही लावायची! तांदळाची असली तरी नाही. ती सवयच मोडायची. आंबली की वासानं कळते, मी शिकवतो."

चार महिन्यांत ठमी वास ओळखायला शिकली, दोऱ्याचं टोक ओल्या स्पंजावर फिरवायला शिकली, आणि तिसऱ्या पायरीवर न बसता वर जायला लागली. ओठांच्या चिरा भरल्या. तरी अहवालाचं पाकीट तिला फोडवेना. ती ते घेऊन तशीच दुकानात आली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी चष्मा पुसला, पाकीट फोडलं, अंकावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"एकतीस," ते म्हणाले. "वीसच्या आत हवा ना?"

"एकशे चाळीसवरून एकतीस, बाबा! येईल की तोही." ठमीनं टेबलावर थाप मारली, आणि मग तिला दिसलं की बाबा रडतायत.

"त्या दिवशी तुम्ही रागानं गेलात," ती घाईघाईनं म्हणाली. "मला वाटलं, मी तुमचं काम हिसकावलं."

"रागावलो होतोच. एक दिवस. मग घरी बसल्या बसल्या हिशेब केला." बाबांनी चष्मा काढला. "सात वर्षांची होतीस तेव्हापासून मी रोज तुझ्यासमोर ब्रश धरत आलो. तू आजारी पडत गेलीस आणि मी माझ्या हातानं तुला ते भरवत होतो गं, ठमे. आणि वर खाऊन बघा म्हणून मिरवत होतो."

मग तिनं त्यांचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. जेव्हा कळलं तेव्हा चौदा पट्ट्या कोणी लावल्या?"

बाबांनी हात काढून घेतला नाही.

"आणि ऐका," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे रक्ताच्या नात्यात उतरतं. आईबापांनीही तपासून घ्यावं."

"मला काय धाड भरलीय?"

"मला तरी कुठे भरली होती?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, शेगडीवरच्या पातेल्याकडे बघितलं. मग ते उठले, शेगडी बंद केली आणि शर्टाच्या बाहीचं बटण सोडायला लागले. बोटं थरथरत होती, बटण काही सुटेना. ठमीनं पुढे होऊन ते सोडलं आणि बाही कोपरापर्यंत वर दुमडून दिली.

"चल," बाबा म्हणाले. "उघडी असेल ना प्रयोगशाळा अजून?"