पुढचा शुक्रवार

बँकेबाहेर गाडीत बसूनच व्यवहार करायच्या रांगेत एल्डनने पेन्शनचा चेक प्लास्टिकच्या डबीत घातला, गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून डबी नळीत ठेवली आणि बटण दाबलं. हवेने ती ओढून घेतली. ती डोक्यावरून गेली आणि बँकेच्या भिंतीत नाहीशी झाली. शेजारी बसलेली त्याची मुलगी मारिट हे लहानपणापासून बघत आली होती, तरी तिची नजर वर गेलीच. बाहेर बर्फ पडत होतं, इतकं सावकाश, की जमिनीला टेकायचं त्याच्या मनातच नसावं.

"व्हर्ना," तो खिडकीजवळच्या स्पीकरच्या जाळीत बोलला, "सहीचं कार्ड पाठव. आज लेकीला पकडून आणलंय."

"दर शुक्रवारी आणतोस की," जाड काचेमागून बँकेतल्या व्हर्नाचा आवाज आला. "गेल्या खेपेला चष्मा विसरली होती. आज काय, हात घरी राहिला?"

डबी परत आली. कार्डाबरोबर दोन लॉलीपॉप.

"इथे सही कर," एल्डन म्हणाला. "खातं दोघांच्या नावावर असलं की चालू राहतं. एकट्याचं गोठवतात. उद्या मी गेलो तर हीटरच्या बिलाचा चेकसुद्धा वटायचा नाही."

"पुढच्या शुक्रवारी, डॅड."

"हट्टात अगदी आईवर गेलीस."

"आई म्हणायची, तुझ्यावर."

तो हसला. कार्ड कोरंच परत गेलं.

शनिवारी सकाळी दारापुढचं बर्फ काढता काढता तो फावड्याला टेकून खाली बसला, तो उठला नाही.

चर्चच्या बायकांनी जेवण आणलं होतं. भांड्यांच्या बुडाला नावांच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. अकरा दिवसांनी ती सगळी घरोघर पोचवून झाल्यावर मारिट एल्डनच्या गाडीत, त्याच्या जागी बसून बँकेच्या त्याच रांगेत शिरली. आत जाणं तिला जमलं नसतं. मृत्यूचा दाखला तिने डबीत घातला. डबी वर गेली. काचेमागचा उजेड पाण्याखालच्यासारखा दिसत होता, आणि त्यात व्हर्ना फार हळू हलत होती.

"खातं गोठलं असेल ना?" मारिटने विचारलं. "मी सही केली नाही."

व्हर्ना माइककडे वाकली.

"नाही गं पोरी. आपल्यामागे पैसे तुला मिळावेत, असा कागद त्याने तीन वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. त्यावर तुझी सही लागतच नाही."

"मग दर शुक्रवारी मला कशाला आणायचा?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, ती पुढच्या शुक्रवारचं सांगते ना, मग तोवर मला थांबावं लागतं."

डबी परत आली. मारिटने ती उघडली नाही, मांडीवर घेऊन बसली. मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.

"मला भीती वाटायची, डॅड," ती मोठ्याने म्हणाली. "वाटायचं, सही केली की तू जाशील."