नांगर फोटोत दिसतो

ठाकुर्लीच्या व्हिडिओवाल्या मितेशने असं धुकं जन्मात पाहिलं नव्हतं. "काका, एकदम काश्मीर!" हे तो चौथ्यांदा म्हणाला, तेव्हा चंदूला त्याला होडीतून ढकलून द्यावंसं वाटलं. चाळीस वर्षं डोंबिवलीच्या ह्या खाडीत मासे मारणाऱ्याला हा पोरगा धुक्याचं कौतुक सांगत होता. हातातल्या वल्ह्याचं टोक दिसेना आणि साहेबांना ड्रोन उडवायचाय!

पण हट्ट लेकीचा होता. काल भाविकाचा साखरपुडा झाला, आज तिला नवऱ्या मुलासोबत होडीतला व्हिडिओ हवा होता. होणारे जावई ऋतुराज ठाण्याहून पहाटेच आले होते. पांढरे बूट चिखलापासून जपत बसले होते.

"मेमरी कार्ड कालच्या कॅमेऱ्यातलंच घातलंय ह्यात," मितेश ड्रोन होडीच्या फळीवर मांडत म्हणाला. "भरपूर जागा आहे."

त्या कार्डात त्याची आई होती. वडील गेल्यापासून चौदा वर्षं मनुबाईने लग्नाचं गाणं तोंडातून काढलं नव्हतं, आणि काल नातीसाठी आपणहून उठून गायली. नेमकी जिलेबी कमी पडली म्हणून चंदू तेव्हा कल्याणला पळाला होता. ते गाणं सगळ्या गावाने ऐकलं, फक्त त्याने नाही.

"आधी कालचा व्हिडिओ उतरवून घे ना रे."

"घरी गेल्यावर, काका. आणि तो नांगराचा दोर काढा, फोटोत घाण दिसतो. इंजिनपण बंद."

"ओहोटी लागलीय."

"दहाच मिनिटं!"

जावई बघत होते. गावच्या पंचांनाही न जुमानणाऱ्या चंदूने जावयासमोर नाही म्हणायला नको म्हणून मुकाट नांगर वर घेतला.

ड्रोन भुणभुणत चढला आणि दिसेनासा झाला. मितेशच्या पडद्यावर नुसतं पांढरं. पाच मिनिटं तो "वाव, वाव" करत राहिला, मग त्याचा चेहरा उतरला.

"टेन्शन नाय. बटण दाबलं की घरी येतो तो."

"घरी म्हणजे कुठं?"

"जिथून उडवला तिथे. एक फुटाचा फरक नाही!"

"आनि आपण अजून तिथंच हाव का रं, शान्या?"

मितेशने आजूबाजूला पाहिलं. धुक्यात काय दिसणार? होडी केव्हाची खाली वाहत आली होती. मागे, बरंच लांब, भुणभुण ऐकू आली. ती सावकाश खाली, पाण्यात उतरली आणि थांबली.

मग मितेशनेच तोंड उघडलं. "काका, आजी परत गातील ना? मी फुकट शूट करतो."

"चौदा वर्षांनी गायली ती," चंदू म्हणाला. "थांब अजून चौदा."

"बाबा," भाविका रडत म्हणाली, "त्याला नाही कळत. तुम्हाला कळत होतं ना?"

चंदूने जावयाच्या बुटांकडे पाहिलं. त्यांना चिखलाचा एक डागही लागला नव्हता.