सव्वा नंबरचा खण

चष्मेकाकांच्या दुकानामागच्या खोलीत सहाशे बारा जुने चष्मे होते, आणि ते बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. नवा चष्मा घेताना जुना तिथेच टाकून गेलेल्या गिऱ्हाइकांचे ते चष्मे. 'इतकं बघितलेल्या वस्तूला केराची टोपली दाखवायची?' असं म्हणत काकांनी पहिला ठेवला, आणि बघता बघता खोलीचं संग्रहालय झालं. खण नंबराप्रमाणे लावलेले. चष्म्याला नाव नाही, नुसती चिठ्ठी. कुणीही आलं की काका आधी विचारत, "काय बघायचंय?" आणि मिळेल ते उत्तर चिठ्ठीवर उतरवत. 'सुईचं नेढं.' 'बसची पाटी, बस निघून जायच्या आत.' 'सून मनापासून हसते की उगीच.' कुठलाही चष्मा लावून बघायची मुभा होती. फक्त परत त्याच खणात ठेवायचा.

आता काकांच्याच डोळ्यांनी दगा दिला होता. कडेकडेचं दिसे, मधलं सगळं पुसलेलं. उद्या सकाळी वाचनालयाची माणसं येऊन संग्रह घेऊन जाणार होती. काकांची त्याला ना नव्हती. त्यांना त्यातला एकच चष्मा हवा होता, बायकोचा.

शेवटच्या आजारपणात ती म्हणाली होती, "माझाही ठेवलाय हं तुमच्या कपाटात." ती गेल्यावर तीन वर्षं काकांना खण उघडायचा धीर झाला नाही, आणि धीर झाला तोवर नजर गेली. पण तिचा चष्मा ओळखायला नजर कशाला हवी? शब्दकोडं अडलं की ती उजवी काडी दातांत धरायची. टोक चावून चावून खडबडीत झालेलं. काकांनी सव्वा नंबरचा खण बोटांनी तीनदा चाचपला. सगळ्या काड्या गुळगुळीत.

"बाबा, दुसऱ्या खणांत बघू या का?" लेक म्हणाली. खोकी भरायला ती रजा टाकून आली होती.

"सव्वा नंबर. मी स्वतः काढलेला. चाळीस वर्षांत माझा एक नंबर चुकलेला दाखव."

"तुमचं बरोबरच असतं, बाबा. तुम्ही बसा, मी आपली बघते."

काका फुरंगटून बसले. लेक एकेका काडीवरून अंगठा फिरवायची आणि चष्मा खोक्यात ठेवायची. दीड झाला, पावणेदोन झाला, दोन झाला. अडीचच्या खणाशी तिचा हात थांबला.

"बाबा, हात पुढे करा."

काकांनी काडीचं टोक चाचपलं. तेच दात. काडी मुठीत धरून ते म्हणाले, "हा अडीचमध्ये कसा गेला? चिठ्ठी आहे?"

"आहे. आईच्या अक्षरात."

"वाच की मग."

"उजेड कमी आहे इथे."

"उजेड मुबलक आहे. हात लांब करून वाचतेयस ना? मला कडेनं दिसतं, विसरू नकोस." लेकीने पन्नाशी ओलांडली होती, पण चष्म्याचा विषय काढला की ती अंगावर येई. "लाव, तिचाच लाव."

लेकीने नाक मुरडलं, पण लावला. अक्षर इतकं लख्ख दिसलं, की मागचापुढचा विचार न करता ती वाचतच सुटली.

"'काय बघायचंय? ह्यांचं अक्षर. ह्यांनी दिलेल्या काचांतून ते दिसेना. दोष ह्यांचा नाही. वाचून दाखवायचा पुठ्ठा रोज मीच पुसते, तो मला तोंडपाठ. तपासताना फुशारकीने घडाघडा म्हणून टाकला. मग पलीकडच्या गल्लीतून काचा बदलून आणल्या. ह्यांना...'" ती एकदम थांबली.

"ह्यांना काय?"

"'ह्यांना सांगू नये.'"

लेकीने जीभ चावली. पण काका आधी हसले, मग हसता हसता रडू लागले. "पलीकडच्या गल्लीत! त्या भामट्याकडे! अगं, वर्षानुवर्षं तो लावून ती माझ्यासमोर बसायची, आणि मी म्हणायचो, बघ, कसा नेमका नंबर काढला."

"आणि आई?"

"म्हणायची, तुमच्या हाताला तोड नाही."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग काहीतरी लक्षात येऊन ते ताठ बसले. "मागच्या महिन्यात तूही पुठ्ठा घडाघडा वाचलास. म्हणालीस, मला काही झालेलं नाही."

"इथे बसून शाळेचा अभ्यास केलाय मी, बाबा. पाठच आहे तो मला."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." लेक चष्मा काढून त्यांच्या हातात द्यायला लागली, तर त्यांनी तिचा हात मागे सारला. "तुझ्याकडेच राहू दे. मला चिठ्ठी पुरे." ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल चाचपून काढली आणि जन्मभर विचारला तोच प्रश्न लेकीला विचारला. "काय बघायचंय?"

लेकीने चष्मा पुन्हा लावला आणि स्टूल ओढून ती त्यांच्या अगदी जवळ बसली. कितीतरी वेळ ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"बाबा, हनुवटीखाली दाढी राहिलीय तुमची. रोजच राहत असेल."

"मग तेच लिही," काका म्हणाले आणि पेन्सिल त्यांनी तिच्या हातात दिली.