शपथविधीच्या दिवशीचा युक्तिवाद

मुंबईहून फोन येणार हे नीला गायसमुद्रेला आठ दिवसांपासून ठाऊक होतं. कधी, तेवढंच कळत नव्हतं. आकुर्डीच्या कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी. पंचवीस वर्षं कामगारांची वकिली केली, त्यातूनच आधी नगरसेविका आणि दोन वर्षांपूर्वी आमदार झाली. आता मंत्रिमंडळाचा विस्तार व्हायचा होता आणि यादीत तिचं नाव आहे, असं जो तो म्हणत होता. आंघोळीला जातानाही ती फोन सोबत नेत होती.

फोन आला मंगळवारी सकाळी, पुण्यात कामगार न्यायालयाच्या जिन्यात. पक्षाचे ज्येष्ठ नेते अण्णासाहेब बोलत होते.

"नीलाताई, पाचला शपथविधी. चारच्या आत पोचा."

"आज चाकणच्या प्रकरणात शेवटचा युक्तिवाद आहे, अण्णासाहेब."

"मग पुढची तारीख घ्या."

तारीख मिळाली असती. पण शनिवारी न्यायाधीशांची बदली होत होती. नवे साहेब आले की कामावरून काढलेल्या अडतीस कंत्राटी कामगारांचं नऊ वर्षांचं प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून. आणि एकदा मंत्री झाल्यावर तिला वकील म्हणून उभंच राहता येणार नव्हतं.

"मॅडम, मी करते युक्तिवाद," तिची सहायक मिनल म्हणाली. मिनल हुशार होती. पण साक्षी झाल्या तेव्हा तिचं कॉलेजही सुरू झालं नव्हतं.

बाकावर बसलेल्या किसनने सगळं ऐकलं होतं. कामगारांतला तो सगळ्यांत वयस्कर. "जावा ताई तुमी," तो म्हणाला. "आमी थांबू. नऊ वर्सं थांबलोच की."

त्यात टोमणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

त्यांचा नंबर बारावा होता. अकरापर्यंत पुकारा झाला तर दोन्ही साधेल, असा तिने हिशेब केला. अकराला चौथा नंबर चालू होता. बाराला सातवा. 'निघालात का?' अण्णासाहेबांचा मेसेज आला. तिने 'निघते' असं लिहिलं आणि बसून राहिली. साडेबाराला तिने स्वतःच फोन लावला.

"मला आज जमणार नाही."

"हे पुन्हा विचारलं जात नसतं, ताई," एवढं म्हणून अण्णासाहेबांनी फोन ठेवला.

पुकारा झाला जेवणाच्या सुट्टीनंतर. ती उभी राहिली आणि दुसऱ्याच मिनिटाला अडखळली. हजेरीपटाची तारीखच आठवेना. मिनलने पान पुढे सरकवलं. मग मात्र ती पाऊण तास न थांबता बोलली. खाली बसली तेव्हा तिच्या मनात आलं, हे मिनललाही जमलं असतं. हा विचार पुढे कितीतरी दिवस तिची पाठ सोडणार नव्हता.

शुक्रवारी निकाल लागला. एकतीस जणांना कामावर परत घ्यायचा हुकूम झाला. सात जणांचे दावे पुराव्याअभावी फेटाळले गेले. त्या सातांत किसन होता. मंत्रिपद साताऱ्याकडच्या एका आमदाराला गेलं होतं. पुढचं तिकीटही धोक्यात आहे, असं कार्यकर्ते आडून आडून सांगत होते.

बाहेर एकतीस जण एकमेकांना पेढे भरवत होते. किसन जरा बाजूला उभा होता.

"हायकोर्टात कोन उभं ऱ्हाईल, ताई?" त्याने विचारलं.

"मी," ती म्हणाली, आणि वकीलपत्राचा फॉर्म काढायला तिने मिनलला सांगितलं.