करंजा जेट्टी यादीत नाही

दुकान उघडं आहे, माल मांडलेला आहे, आणि दारावरची पाटी तेवढी कुणीतरी उतरवून नेली आहे, असं झालं होतं माझं. आणि पाटी आपोआप उतरत नाही हो. कुणाचा तरी हात लागतोच.

मी अमिषा. राहते उरणला, न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं बघते. घरी माझा स्वतःचा एक सर्व्हर आहे, लिनक्सवर चालणारा. त्यावर बोटींच्या शर्यतीचा गेम चालतो. असे सर्व्हर जगभरातले हौशी लोक चालवतात. गेम उघडला की सगळ्यांची यादी समोर येते, आवडेल तो निवडायचा आणि आत शिरायचं. माझ्या सर्व्हरचं नाव 'करंजा जेट्टी'. त्यातली भरती-ओहोटी मी स्वतः बसवली आहे. ओहोटीच्या वेळी शहाणपणा करून खाडीत शिरलात तर बोट चिखलात रुतते, मग बसा बोंबलत. लोकांना हे भयंकर आवडायचं. ब्राझीलचा एक माणूस तर मुद्दाम रुतायला यायचा.

त्या रविवारी दुपारी गेम उघडला तर यादीत करंजा जेट्टी नाही. वर गेले, खाली गेले, नाव टाकून शोधलं. नाही म्हणजे नाही. सर्व्हरवर चिटपाखरू नव्हतं. आणि यादीत काय दिमाखात मिरवत होतं? 'पेण खाडी'. हर्षदचा सर्व्हर.

हर्षद म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न जमलं आहे तो. आमची ओळखच करंजा जेट्टीवर झाली. पुढच्या रविवारी साखरपुडा, हॉल ठरलेला, आईने माझ्यापेक्षा जास्त साड्या घेतलेल्या. आणि हा पठ्ठ्या आदल्याच दिवशी, शनिवारी, आमच्याकडे जेवून गेला होता. त्याच सकाळी मी सर्व्हर नव्या मशीनवर हलवला होता. सगळं ठीक असणार म्हणून रात्री मी यादी बघितलीही नाही.

खोटं कशाला बोलू, पाल तेव्हाच चुकचुकली. कारण महिन्यापूर्वी त्याच्या आईने गोड आवाजात विचारलं होतं, "लग्नानंतर हे खेळबिळ चालूच ठेवणार का गं?" मी हर्षदकडे पाहिलं. तो मान खाली घालून पोह्याचा पापड मोडत बसला होता. एक शब्द बोलला नाही. तो पापड माझ्या डोक्यातून गेलेला नव्हता.

तरी म्हटलं, अमिषा, आधी स्वतःचं घर तपास. सर्व्हर चालू आहे का? चालू. फायरवॉल आडवी येते का? नाही. राउटरमधून वाट मोकळी आहे का? मोकळी. मी स्वतःशीच पुटपुटले, "पोर्ट बंद असणार," तर बाहेरच्या खोलीतून माझे बाबा, धर्मा, धावत आले. ते बंदरात ट्रेलर चालवतात.

"पोर्ट बंद? संप हाय का?"

"बाबा, तुमचं पोर्ट नाही, माझं."

"मग असं बोल ना. जीव घेतलास माझा."

माझं पोर्टही, म्हणजे सर्व्हरचं बाहेरच्यांसाठीचं दार, उघडंच होतं. मग माणगावच्या मानसीला फोन लावला. मानसी माझी कॉलेजची मैत्रीण, नियमित खेळणारी. तिला सर्व्हरचा थेट पत्ता दिला आणि म्हटलं, यादी सोड, या पत्त्यावर येऊन बघ. क्षणात आत आली.

"चालतंय की मस्त," ती म्हणाली. "आणि नाव पण छान केलंयस गं. शुभ वाटतं."

मला कसलं शुभ आणि कसलं काय! माझं डोकं आधीच तापलेलं. "बरं बरं," म्हणून फोन ठेवला.

म्हणजे सर्व्हर धडधाकट. बाहेरचा माणूस आत येऊ शकतो. यादी चालवणाऱ्यांकडे त्याची नोंदही होत होती, तसं माझ्या मशीनवर स्वच्छ दिसत होतं. तरी यादीत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. कुणी तक्रार केली असेल का माझ्याविरुद्ध? आणि ती कोण करेल? ब्राझीलचा चिखलातला माणूस नक्कीच नाही.

मग मी नको ते केलं, पण करायलाच हवं होतं. मशीनवर कोण कोण शिरलं त्याच्या नोंदी काढल्या. शनिवारी सकाळी मी. शनिवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, हर्षद. त्याचं खातं मीच उघडून दिलेलं, विश्वासाने. शिरला, आणि निघताना सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. आत काय केलं ते नोंदीत नव्हतं. मी तेव्हा कुठे होते? स्वयंपाकघरात. याच्यासाठी कोलंबीचं कालवण वाढत होते मी! माझ्या हातचं कालवण ओरपायचं आणि माझ्याच मशीनमध्ये हात घालायचा. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याचं खातं मी तिथल्या तिथे काढून टाकलं. मग फोन लावला.

"हर्षद, शनिवारी माझ्या सर्व्हरला हात लावलास तू?"

"नाही गं. का?"

नाही गं. किती सहज! आवाज अडखळला नाही, श्वास चुकला नाही. "काही नाही, सहज," म्हटलं मी, आणि मीही सहजच म्हटलं. फोन ठेवला आणि मनाशी पक्कं केलं. यानेच हे केलं असेल तर साखरपुडा नाही. आज सर्व्हर गुपचूप बंद पाडतो, उद्या नोकरी सोडायला लावेल, आणि तेव्हाही म्हणेल, नाही गं.

पुढचे दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. ऑफिसमधून यायचं, यादी बघायची, चडफडायचं. त्याचे मेसेज येत होते, अंगठीचा फोटो, हॉलच्या फुलांचा फोटो. मी प्रत्येक फोटोत खोट शोधत होते. फुलं जास्त पांढरी का निवडली यावरसुद्धा मला संशय आला, सांगा आता.

आई माझ्याभोवती घुटमळायची. माझी आई कमळ एरवी फटकळ बाई, पण त्या आठवड्यात कशी गप्प गप्प. "तुझं ते मशीन बरं हाय ना?" असं एकदा विचारून गेली. आईने माझ्या मशीनची चौकशी आयुष्यात पहिल्यांदा केली होती. मला वाटलं, लेकीचा उतरलेला चेहरा बघून विचारते आहे.

शुक्रवारी संध्याकाळी हर्षद आला. शालू पसंत करायला चार शालूंचे फोटो आणि पेणचे पापड घेऊन. पापड बघून तर मी पेटलेच. आईने त्याला पाट-पाणी सुरू केलं, "बसा हर्षदराव, दमला असाल," आणि मी लॅपटॉप आणून त्याच्यासमोर आपटला. नोंद उघडीच होती.

"हे कोण आहे?"

त्याने वाचलं. चेहरा उतरला.

"तू म्हणालास, हात लावला नाही. मग हे काय भूत आलं होतं? माझी करंजा जेट्टी यादीतून गेली. तुझी पेण खाडी तेवढी मिरवतेय. सरळ सांगायचं ना, 'माझ्या आईला आवडत नाही, बंद कर' म्हणून. पाठीमागून कशाला?"

"यादीतून गेली?" तो म्हणाला. "हे मला आता कळतंय."

"साळसूदपणा नको!"

त्याने माझ्याकडे नाही, माझ्या आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला. आणि खाली बसली.

"त्याला नको बोलू," ती म्हणाली. "मीच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतंस?"

"नवं मशीन आणलंस. ना नारळ, ना हळद-कुंकू. बाबांच्या ट्रेलरवर पयलं देवीचं नाव घातलं, मग चावी फिरवली. मामाच्या बोटीवर हाय. घराच्या दारावर हाय. तुझ्या मशीनवरच तेवढं न्हाय. म्हटलं, घाल बाबा नाव देवीचं, माझ्या पोरीचं चांगलं चालू दे. तुला सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस, व्हय का न्हाय?"

व्हय. काढलंच असतं.

"काकींनी शपथ घातली होती," हर्षद म्हणाला. "देवीची. अमिषाला सांगायचं नाही म्हणून."

होणाऱ्या जावयाला पाटावर बसवून, कालवण ताटात पडायच्या आधीच शपथ घातली तर तो बिचारा कुठे पळणार! नावाची फाईल वेगळी असते, आणि एवढं सगळं तपासताना तीच तेवढी मी उघडली नव्हती. स्वतःच्या लेकराचं नाव कोण पुन्हा वाचून बघतं? आता उघडली. नाव होतं, 'शितळादेवी प्रसन्न, करंजा जेट्टी'. आमची देवी चौलची शितळादेवी. पण यादीत देवनागरी चालत नाही, म्हणून हर्षदने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. ट्रेलरवर, बोटीवर, टेम्पोवर आमच्याकडे सगळे लिहितात तसंच.

मी ते एकदा वाचलं. मग फक्त पहिली चार अक्षरं वाचली. एस, एच, आय, टी.

"अगं आई गं!"

हर्षदनेही वाचलं आणि कपाळावर हात मारला. यादीवाल्यांचं यंत्र शिव्या चाळून काढतं. नावात घाणेरडा शब्द दिसला की तो सर्व्हर लोकांना दाखवतच नाही, न सांगता, न विचारता. त्याला काय ठाऊक चौल कुठे आणि देवी कोण! त्याला चार अक्षरं दिसली आणि त्याने दार लावून घेतलं. मला हसू फुटलं ते थांबेना. इतक्या दिवसांचा राग हसण्यातून बाहेर पडत होता, डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं? देवीचं काय?" आई घाबरली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे तिला कोण सांगणार?

"काही नाही काकी," हर्षद म्हणाला. "स्पेलिंग चुकलं माझं. एका आयच्या जागी दोन ई घातले की झालं. मीच लावलं, मीच नीट करतो." त्याने बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला, मांडीवर घेतला, टाइप केलं. थांबला. पुन्हा टाइप केलं.

"मला आत घेत नाहीये."

मी माझा लॅपटॉप जवळ ओढला.

"मला काढलंस?"

"हो."

त्याने लॅपटॉप हळूच मिटला. मीच दोन ई घातले, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि थोड्याच वेळात यादीत शीतळादेवीसकट करंजा जेट्टी उगवली. आईने हात जोडले आणि चहा टाकायला आत गेली. इतके दिवस मी ज्या क्षणासाठी जीव टाकत होते तो आला, आणि मला यादीकडे बघवत नव्हतं.

"मला फोन केलास ना तू," हर्षद म्हणाला. "हात लावला का म्हणून. मला काढलंस ते त्या फोनच्या आधी, की नंतर?"

नंतर, म्हणायचं होतं मला. एकच शब्द. त्याला कधीच कळलं नसतं. तू खोटं बोललास म्हणून मी काढलं, असं म्हटलं असतं तर चूक त्याची झाली असती आणि मी मोकळी. शब्द जिभेवर आला होता आणि मी तो तितक्याच सहज बोलले असते, त्याच्या 'नाही गं'सारखा.

"आधी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "मी खोटं बोललो, ते चुकलंच. शपथ होती तरी चुकलं. पण मी खरं बोललो असतो तरी मी बाहेरच होतो ना? तू विचारतेस तेव्हा तुझं ठरलेलं असतं गं."

"आणि तू? तुझी आई विचारत होती तेव्हा पापड मोडत बसलास ते?"

"मला सुचलं नाही काही. घाबरलो होतो. एवढंच विचारायचं होतंस, तेव्हाच."

तो उठला. चहा येत होता तरी उठला. मी त्याच्या मागे ओटीवर गेले. तो वाकून चपला घालत होता, आत आई कपबश्या मांडत होती, आणि मला एकदम इतकी भीती वाटली की माझा आवाजच बदलला.

"रविवारी येशील?"

तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे पाहत राहिला. एरवी एव्हाना त्याच्या वतीने उत्तर देऊन, त्यावर भांडूनही माझं झालं असतं. या वेळी गप्प उभी राहिले. तो काय म्हणेल ते मला खरंच माहीत नव्हतं.